भिवाजीतात्यांच्या पिठाच्या दोऱ्या

भिवाजीतात्यांइतका भातातला जाणकार अख्ख्या लोधिवलीत नाही, असं स्वतः तात्याच सांगत आणि ते खोटंही नव्हतं. एक शीत बोटांत चिरडून ते सांगत की हा तांदूळ नवा, हा जुना, ह्यात पाणी जरा जास्त झालं, आणि हा उतरवायला उशीर झाला कारण घरची बाई दारात कुणाशी तरी बोलत उभी होती. लग्नाच्या पंगतीत आचारी आधी तात्यांच्या पानाकडे बघत, मग यजमानाच्या तोंडाकडे. फक्त स्वतःच्या घरात काडेपेटी कुठे असते, एवढं मात्र तात्यांना वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

तात्यांनी आयुष्यात एकदाच भात शिजवला होता. बायको सोनुबाई दोन दिवस माहेरी गेली होती, तेव्हाची गोष्ट. भातातून पेज निघते हे तात्या लहानपणापासून बघत आले होते. सोनुबाई भात शिजत आला की झाकण धरून टोप कलता करायची आणि वरचं दाट पाणी वाडग्यात काढून घ्यायची. तेव्हा पाणी हे तांदळाच्या पोटातूनच येतं, अशी तात्यांची समजूत. त्यांनी कोरडे तांदूळ टोपात घातले, शेजारून विस्तव आणून खाली जाळ केला आणि पेज कधी निघते ह्याची वाट बघत ओट्यावर पान चघळत बसले. धूर आधी शेजाऱ्यांना दिसला. सोनुबाई परत आली तेव्हा तिने नवऱ्याला एका शब्दाने बोल लावला नाही. तो काळा टोप मात्र घासला नाही की भंगारात दिला नाही. अंगणात कोंबड्यांना पाणी ठेवायला ठेवला. येणारा-जाणारा विचारायचा, आणि सोनुबाई दरवेळी तितक्याच शांतपणे सगळी हकिकत सांगायची.

ती सोनुबाई दोन वर्षांपूर्वी गेली. सकाळी अंगण झाडून झालं, झाडू जागेवर ठेवला आणि तिथेच बसली ती उठली नाही. तात्यांना ती गेल्याचं दुःख फार झालं, पण ते सांगायचं कसं हे त्यांना जमलं नाही, म्हणून गावात ते आधीपेक्षा जास्त बडबड करू लागले.

जेवणाचा प्रश्न हिरूवयनींनी सोडवला. हिरूवयनी म्हणजे तात्यांच्या थोरल्या भावाची बायको, पलीकडच्याच घरात एकटी राहणारी. दोन वेळा त्यांच्याकडून झाकलेलं ताट यायचं. तात्या जेवायचे, भातातल्या चुका काढायचे आणि ताट तसंच परत पाठवायचे. "भावजी, निदान विसळून तरी धाडा," असं वयनी सांगायच्या. तात्या एका कानाने ऐकायचे.

मग ह्या वर्षी होळीनंतर हिरूवयनींचा मुलगा योगेंद्र पनवेलहून आला आणि म्हणाला, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय, आणि आता तिला कायमचंच पनवेलला नेतो. मेच्या पहिल्या आठवड्यात घर बंद करायचं ठरलं.

तात्यांची मुलगी हर्षला जावयासोबत शेलूला राहते, स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. तिने फोनवर सरळ सांगून टाकलं.

"तात्या, आता तुमी शेलूला या. तिकडं तुमाला कोन करून घालनार?"

"आनि शेत?"

"शेत काय पळून जातंय?"

"रोहिणी लागल्या की पेरा करायचाय. सातव्या मजल्यावर करू का?"

दोन एकर भातशेत, आंब्याची तीन झाडं, अंगणातला तो काळा टोप आणि सोनुबाई जिथे बसली ती जागा, एवढं सोडून तात्यांना कुठे जायचं नव्हतं. शेलूला ते दोनदा राहून आले होते. तिथे लिफ्टमध्ये माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहतात आणि कुणी कुणाला 'काय जेवलास' विचारत नाही, हे त्यांनी लोधिवलीत येऊन सगळ्यांना सांगितलं होतं. पण ज्याला चहासुद्धा करता येत नाही, त्याने एकटं राहायचं कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्यामुळे तात्या फोनवर शेताबद्दल बोलत आणि जेवणाबद्दल गप्प बसत.

तेवढ्यात एप्रिल सरत आला. हर्षला आणि जावई कमलेशराव यांनी दोन वर्षांपासून इटलीची सहल ठरवून ठेवली होती. वयनी ऑपरेशनच्या तपासण्यांसाठी पनवेलला, तेव्हा तात्यांना दहा दिवस मागे ठेवायचं कुणाच्या भरवशावर? दुसरं कुणी वडिलांना मानाने परदेशी नेतं. भिवाजीतात्या इटलीला गेले ते उपाशी राहतील म्हणून.

तिथे तात्यांनी सगळं पाहिलं. कलता मनोरा बघून ते म्हणाले, पायाला मुरूम घातला नसणार. संगमरवरी पुतळे बघून त्यांनी मान खाली घातली आणि लेकीला म्हणाले, "तू पुढं हो." भाताची चौकशी मात्र प्रत्येक हॉटेलात केली आणि जो मिळाला तो चिरडून नापास केला.

सहाव्या दिवशी बस डोंगरातल्या एका शेतघरापाशी थांबली. सहलीची प्रमुख प्राची म्हणून पुण्याची मुलगी होती. तिला इटालियन येत होतं. ती म्हणाली, आज इथे आपण स्वतःच्या हाताने पास्ता करायचा आणि तोच जेवायचा.

"तात्या, तुमी त्या खुर्चीवर बसा. आमचे फोटो काढा," हर्षला म्हणाली.

तात्यांना हे फार पसंत पडलं. ते टोपी नीट करून खुर्चीवर बसले. पण त्या घरची मालकीण फ्रांका नावाची सत्तरीची बाई होती, ठेंगणी, दंड पैलवानाचे. तिने सगळ्यांवर नजर फिरवली, तात्यांपाशी आली आणि काहीतरी बोलली.

प्राची हसू दाबत म्हणाली, "ती म्हणते, तिच्या स्वयंपाकघरात बसून राहायची परवानगी फक्त मांजराला आहे."

आणि तात्यांना काही कळायच्या आत त्यांच्या गळ्यात फुलाफुलांचा एप्रन आला. पाठीमागे गाठ कमलेशरावांनी मारली. जावयाने सासऱ्याला एप्रन बांधावा, हे लोधिवलीला कळलं तर काय होईल, ह्या विचाराने तात्यांनी आधी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर फक्त द्राक्षाचे वेल होते.

लाकडी पाटावर प्रत्येकापुढे पिठाचा ढीग, मधे खळगा, त्यात पाणी, मीठ, थोडं तेल. अंडं नाही, काही नाही. ह्या भागातला हा गरिबाघरचा पास्ता, नुसत्या पीठ-पाण्याचा, असं प्राचीने सांगितलं. तात्यांनी पाणी ओतलं ते लावणीच्या खाचरात सोडावं तसं. बांध फुटला, पाणी पाटावरून कमलेशरावांच्या बुटांवर गेलं.

"मामा, जरा जपून," कमलेशराव म्हणाले.

"चिखल केल्याशिवाय लावनी होते का?" तात्या म्हणाले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत घालून मळायला लागले. चिखल कसा सारखा करायचा हे त्यांना सांगायला नको होतं. पीठ जागेवर आलं. फ्रांकाने बोटाने दाबून बघितलं, मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे गेली. तात्यांनी हळूच स्वतःही दाबून बघितलं. छान लागलं हाताला.

आता पुढचं काम होतं त्या पिठाच्या लांबच लांब जाड दोऱ्या वळण्याचं. फ्रांकाने पाटावर तळहाताखाली पीठ लोळवत हातभर दोरी काढून दाखवली. सहलीतली मंडळी कामाला लागली. कुणाची मधेच तुटली, कुणाची एका टोकाला काडी तर दुसऱ्या टोकाला काकडी. हर्षलाच्या तर सगळ्या वितीएवढ्याच निघत होत्या आणि ती वैतागली होती.

तात्यांनी पाटावर दोनदा लोळवून बघितलं. ही रीत काही त्यांच्या हाताला ओळखीची नव्हती. पण दोरी वळायची म्हटल्यावर दुसरी रीत त्यांच्या हाताला चाळीस वर्षांपासून माहीत होती. गुरांचे दावे, भाताचे भारे बांधायचे बंद, सगळं त्यांनी घरीच वळलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, एप्रन वर सारून पायजम्याची मांडी मोकळी केली, पिठाची लांब पट्टी त्यावर ठेवली आणि तळहाताने सर्रकन वळली. एका झटक्यात दीड हात दोरी. दुसऱ्या झटक्यात तीन हात. टोक जमिनीला लागू नये म्हणून त्यांनी ते पायाच्या अंगठ्यात धरलं.

"तात्या! मांडीवर नाय!" हर्षला ओरडली.

सगळं स्वयंपाकघर थांबलं. फ्रांका लाटणं घेऊन आली. तात्यांच्या मांडीकडे बघितलं, अंगठ्यातल्या टोकाकडे बघितलं, आणि दोन्ही हात आकाशाकडे करून तिने तिच्या देवाला हाक मारली. मग ती दोरी दोन्ही हातांत धरून उजेडात बघितली. टोकापासून टोकापर्यंत सारखी. तिने ती दोरी केराच्या बादलीत टाकली, पण टाकताना चुकचुकली, आणि तात्यांना दंडाला धरून उठवून पाटापाशी आणलं. पाटावर धुतलेला पंचा अंथरला, त्यावर पीठ भुरभुरलं आणि त्यावर थाप मारली. ही घे तुझी मांडी, असं ती म्हणाली हे प्राचीने सांगायच्या आधीच तात्यांना कळलं.

त्यानंतर तात्या थांबलेच नाहीत. स्वतःचं पीठ संपलं तेव्हा लेकीचं घेतलं, जावयाचं घेतलं. इतर मंडळी त्यांच्याभोवती फोटो काढत उभी राहिली. "बंद वळताना मन सैल सोडायचं, हात नाय," असं तात्या त्यांना शिकवू लागले. शिकायला आलेला माणूस तासाभरात शिकवायला लागतो, ही त्यांची खोड हर्षलाला माहीत होती; ती कपाळाला हात लावून हसत होती.

दोऱ्या उकळत्या पाण्यात पडल्या, वर आल्या. त्या झाऱ्याने उपसून फ्रांकाने पातेलं उतरवायची खूण केली आणि कमलेशरावांनी दोन फडक्यांत धरून भलंमोठं पातेलं उचललं, मोरीकडे वळून कलतं केलं.

"अरे अरे अरे, पेज टाकताय काय!" तात्यांनी जावयाचं मनगट धरलं. त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने फ्रांकाही तिच्या भाषेत ओरडली आणि तिने दुसरं मनगट धरलं. मधे कमलेशराव, हातात उकळतं पातेलं, बिचारे हलायचीही सोय नाही.

फ्रांकाने तात्यांकडे बघितलं. तात्यांनी फ्रांकाकडे बघितलं. मग तिने डावाने ते पांढुरकं पाणी काढलं, लसूण-टोमॅटोच्या रश्शात घातलं, रस्सा दाटला. तिने तात्यांपुढे मान झुकवली. लोधिवलीच्या सरपंचानेसुद्धा तात्यांना कधी एवढा मान दिला नव्हता. उरलेल्या पाण्यातलं वाटीभर तात्यांनी मागून घेतलं आणि उभ्या उभ्या फुंकत प्यायले. चव अगदी घरची नव्हती, पण जवळपासची होती.

मोठ्या टेबलावर सगळे बसले. फ्रांका वाढत होती. तात्यांच्या ताटलीत त्यांच्याच दोऱ्या, लांब, सरळ. त्यांनी एक बोटांत चिरडली, सवयीने. आत किंचित कच्चं राहिलं होतं. पण नापास करायची सोय नव्हती; स्वतःच्या हातचं होतं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा मागताना त्यांचं लक्ष गेलं की वाढणारी बाई बसलेलीच नाही. ती चुलीपाशी उभी राहून पातेल्याच्या तळातले तुटके तुकडे रश्शात बुडवून खात होती.

"प्राचीताई, तिला बसायला सांग ना. आनि चांगल्यातलं घे म्हनावं."

प्राचीने विचारलं. फ्रांका हात झटकत हसत काहीतरी बोलली.

"ती म्हणते, मला आपले तुटकेच आवडतात."

तात्यांनी पुढे केलेली ताटली तशीच राहिली. त्यांना हे वाक्य ठाऊक होतं. भाषा वेगळी, वस्तू वेगळी, पण अगदी हेच वाक्य, असंच हात झटकून. अडतीस वर्षं. दुपारी त्यांचं जेवण व्हायचं, लावणीला आलेली माणसं जेवायची, ऐन वेळेला टपकलेला कुणी पाहुणा जेवायचा, तात्या तिसऱ्यांदा भात घ्यायचे, आणि मग सोनुबाई दाराआड वाडगा घेऊन पेज पीत बसायची. तात्यांनी दोन-तीनदा विचारलंही होतं, भात नाय घेतलास? ती म्हणायची, मला आपली पेजच आवडते. तात्यांनी ते खरं मानलं होतं. गावात सांगितलंही होतं, आमच्या मंडळींना पेजेचं भारी वेड.

तात्यांनी तिसऱ्यांदा घेतलं नाही. उठले, स्वतःची खुर्ची फ्रांकापुढे नेऊन ठेवली आणि तिला बसवलं. ती ओरडली, हसली, पण बसली.

परतीच्या बसमध्ये तात्यांनी खिडकीची जागा घेतली. मग शेजारी बसलेल्या हर्षलाला म्हणाले, "तुज्या आईला पेज आवडायची ना गं?"

हर्षला म्हणाली, "तात्या, आईला भात आवडायचा. तुमच्यापेक्षा जास्त."

त्या रात्री हॉटेलात तात्या जेवायला उतरलेच नाहीत, आणि त्यामुळे सहलीतल्या सगळ्यांना वाटलं की त्यांना पास्ता बाधला.

घरी आल्यावर तात्यांनी आपणहून हर्षलाला फोन केला. "मला पंधरा दिवस दे. वयनीचं ताट नाय, हॉटेल नाय. माजं मी करून खातो. नाय जमलं तर तू ये आनि मला घेऊन जा. मी गुपचूप गाडीत बसेन."

हर्षलाने कबूल केलं. वयनी घर बंद करून पनवेलला गेल्या आणि तात्या त्या काळ्या टोपानंतर प्रथमच स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरले. काडेपेटी सापडायला अर्धा दिवस गेला. ती गॅसच्या मागेच होती.

पहिले पाच दिवस त्यांनी दोऱ्या खाल्ल्या. गव्हाच्या पिठाच्या दोऱ्या, सुकट-टोमॅटोच्या रश्शात. अंगणातल्या कपड्यांच्या दांडीवर त्या वाळत घातलेल्या बघायला अर्धी लोधिवली येऊन गेली. कोंबड्यांनी खालच्या बाजूने जेवढ्या पोचतील तेवढ्या उडवल्या. हर्षला रोज फोनवर विचारायची, "आज काय?" आणि तात्या म्हणायचे, "दोऱ्या."

"जल्मभर दोऱ्याच खानार का?"

सहाव्या दिवशी त्यांनी पनवेलला वयनींना फोन लावला. वयनींच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती, पण आवाज नीट होता. त्यांनी तांदूळ किती धुवायचे, किती वेळ ठेवायचे, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "आनि भावजी, पानी घालायचं बरं का. तांदळातून येत नाय ते."

पहिला भात खीर झाला. दुसरा खालून लागला. तात्यांनी दोन्ही खाल्ले. चूक काढायला दुसरं कुणी नव्हतंच. दहाव्या दिवसापासून भात भातासारखा दिसू लागला. बाराव्या दिवशी त्यांनी एक शीत चिरडून बघितलं आणि स्वतःशीच म्हणाले, बरा हाय. मधल्या वेळात त्यांनी पेऱ्याच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजून ठेवला, बियाणं काढून ठेवलं. पंधरावा दिवस उजाडला तेव्हा रोहिणी लागायला दोनच दिवस होते.

त्या दिवशी हर्षला संध्याकाळी यायची होती. आली ती भर दुपारी, कळवल्याशिवाय, एकटी. परीक्षा घ्यायची तर न सांगता घ्यावी, हे तिने आईकडूनच उचललं असणार. हातात दोन मोठ्या रिकाम्या पिशव्या होत्या, तात्यांचे कपडे भरायला. त्या तिने दारामागे ठेवल्या. तात्यांनी त्या बघितल्या आणि बघितल्या नाहीत असं केलं.

"जेवलीस?"

"नाय. सकाळपासून नुसता चहा."

"मंग बस."

तात्यांनी नुकतीच पेज काढली होती. टोपात भात होता तो एका माणसापुरता. पंधरा दिवसांत ते स्वतःपुरतंच करायला शिकले होते. त्यांनी टोपात एकदा वाकून बघितलं. मग ताट घेतलं आणि सगळा भात त्यात वाढला, शेवटचं शीत डावाने खरवडून. वर सुकटीचा रस्सा घातला आणि ताट लेकीपुढे ठेवलं. स्वतः वाडगा घेऊन दारापाशी बसले आणि पेजेवर फुंकर मारू लागले.

हर्षलाने पहिला घास घेतला. भात मोकळा होता, मऊ होता, कुठेही लागला नव्हता. तिने मान वर केली.

"तुमी नाय घेतलात?"

"मला आपली पेजच आवडते," तात्या म्हणाले आणि वाडग्यात बघत राहिले.

हर्षलाचा घास हातातच राहिला. ह्याच स्वयंपाकघरात, ह्याच दारापाशी बसलेल्या बाईकडून तिने हे वाक्य लहानपणापासून ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले. तिने ते मनगटाने पुसले आणि ताट घेऊन उठली.

"तात्या, आई हे बोलायची ना, तेव्हा सरळ डोळ्यांत बघून बोलायची. तुमी अजून कच्चे आहात."

ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली, ताटातला अर्धा भात त्यांच्या वाडग्यात लोटला आणि जेवू लागली. तात्यांनी विरोध करून बघितला. तिने ऐकलं नाही. मग दोघंही जेवले. जेवून झाल्यावर तात्या उठले, दोन्ही भांडी घेऊन मोरीवर गेले आणि विसळू लागले.

"तात्या," मागून हर्षला म्हणाली, "त्या पिशव्या दारामागं हायत ना?"

तात्यांचा हात नळाखाली थांबला.

"त्यात तांदूळ भरून द्या. शेलूला घेऊन जाते. आनि परवा पेरा झाला की मला फोन करा."